हबवर ठेवलेला हात

मोटारसायकल धावत असते तेव्हा तिच्याबरोबर किती आवाज वाहत असतात. इंजिनाची धडधड असते, चेनची सळसळ असते, टायरखालच्या बारीक खडीचा चुरचुराट, कानाच्या कडेने फाटत जाणारा वारा, साइड कव्हरच्या सैल पडलेल्या स्क्रूची किणकिण, मागे बसलेल्या माणसाच्या पिशवीतला डबा. आणि या सगळ्यांच्या तळाशी, कान मुद्दाम खाली उतरवला तरच हाती लागणारी, एक बारीक, गोल, न तुटणारी घरघर. ती गिअर बदलल्याने बदलत नाही. क्लच दाबला तरी थांबत नाही. इंजिन बंद केलं तरी ती चालूच असते, आणि चाक जसजसं मंदावतं तसतशी तीही खाली येत, जाड होत, शेवटी एकेक कण मोजता यावा इतकी सुटी होऊन विरते. जात्यात दाण्यांबरोबर खडा आला की दळणाच्या सुरात जी खर्र मिसळते, तीच ही.

चाकाचं बेअरिंग बोलू लागलेलं असतं.

एरवी ते बोलत नाही. चाकाच्या मधोमध एक्सल असतो, पोलादाचा दांडा, दोन्ही टोकांना आवळलेला, आणि गाडी पंढरपूरला जावो की पणजीला, तो आपल्या जागी तसूभरही फिरत नाही. त्याच्याभोवती चाक गरगरत असतं. एक अचल, दुसरं चंचल, आणि या दोघांच्या मधल्या बोटभरही नसलेल्या जागेत सात-आठ छर्रे गोल वाटेवरून एकमेकांमागे चालत असतात. गाडीचं वजन, चालवणाऱ्याचं वजन, मागे बसलेल्या बाईचं, तिच्या मांडीवरच्या झोपलेल्या मुलाचं, हँडलला अडकवलेल्या बाजाराच्या पिशवीचं, सगळं उतरत उतरत अखेर या छऱ्यांवर येऊन टेकतं. खड्डा आला की त्याचा दणका आधी त्यांना कळतो, मग आपल्या पाठीला. इतकं सगळं अंगावर घेऊनही त्यांच्याकडून हूं की चूं येत नाही, म्हणून ते तिथे आहेत हेच आपण विसरतो.

नवं बेअरिंग तळहातावर घेऊन पाहण्यात मला अजूनही लहान मुलाचा आनंद होतो. पुडी उघडली की आधी तेलाचा वास येतो, स्वच्छ, किंचित गोडसर. बाहेरच्या कड्यावर बारीक अक्षरांत आकडा कोरलेला असतो, समजा ६३०२. शेवटच्या दोन आकड्यांत भोकाचं माप दडलेलं: ०२ म्हणजे १५ मिलिमीटर, ०१ असतं तर १२. बाहेरचा व्यास ४२, जाडी १३. दोन्ही अंगांना काळ्या रबराची सीलं, त्यांच्या आड ग्रीस. आतल्या कड्यात करंगळी घालून हळूच फिरवावं. कुठे अडत नाही, कुठे सैल पडत नाही, ग्रीसचा जडपणा तेवढा बोटाला जाणवत राहतो, आणि बोट थांबलं की तेही तिथेच थांबतं. त्या फिरण्याला टोक नाही, सांधा नाही. डोळे मिटून फिरवलं तर कुठून सुरुवात केली तेही आठवत नाही.

इतकं गोलपण माणसाच्या हाताला सहज साधलेलं नाही. चाकांना छर्रे बसवायची कल्पना जुनी. वेल्समध्ये फिलिप व्हॉन यांनी गाडीच्या आसासाठी तिचं पेटंट १७९४ सालीच घेतलं होतं. पण सगळे छर्रे एकसारखे गोल नसतील तर ज्याचं पोट जरा मोठं त्याच्यावर सगळा भार पडतो आणि बाकीचे नुसते सोबत फिरतात. १८८३ साली जर्मनीतल्या श्वाइनफुर्ट गावी फ्रिडरिश फिशर यांनी छर्रे एकसारखे घासून देणारं यंत्र केलं, तेव्हा कुठे भार सगळ्यांत नीट वाटला जाऊ लागला. आज चांगल्या छऱ्याच्या गोलाईतली चूक मायक्रॉनच्या अंशात मोजतात. आपल्या डोक्यावरचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. आणि छर्रा व त्याची वाट यांच्यामध्ये, चाक वेगात असताना, ग्रीसमधल्या तेलाचा जो पापुद्रा तयार होतो तो बहुधा एका मायक्रॉनहूनही पातळ. सगळं ठीक असेल तर पोलादाला पोलाद लागतच नाही.

छर्रा तेलावर चालतो.

हे मला फार हळवं करतं. हजारभर किलोमीटर आपण ज्याच्या भरवशावर जातो, तो दिसणारही नाही इतका पातळ ओलावा आहे. त्या ओलाव्यात काय मिसळतं, यावर पुढचं सगळं ठरतं.

बर्लिनमध्ये १८८० सालच्या नाताळच्या सुट्टीत हाइनरिश हर्ट्झ नावाचा तेवीस वर्षांचा तरुण दोन काचेची भिंगं एकमेकांवर टेकली की टेकण्याच्या जागी काय होतं, याचा विचार करत बसला होता. गोल वस्तू सपाटीला एका बिंदूत स्पर्श करते असं आपण शाळेत शिकतो. पण बिंदूला क्षेत्रफळ नसतं, मग त्यावरचा दाब अनंतच व्हायचा. हर्ट्झने दाखवलं की दोन्ही वस्तू किंचित नमतात, एकमेकींना जागा देतात, आणि त्या नमण्यातून एक छोटंसं टेकण तयार होतं. पुढे याच माणसाने विद्युतचुंबकीय लहरी सिद्ध केल्या, आणि जगाला त्याचं नाव रेडिओमुळे ठाऊक झालं. पण रस्त्यावर फिरणाऱ्या प्रत्येक चाकाच्या पोटात त्याचं ते आधीचं गणित चालू असतं: छर्रा येतो, पोलाद नमतं, छर्रा पुढे जातो, पोलाद उठतं. पुन्हा येतो, पुन्हा नमतं. लाखो वेळा. कितीही कणखर धातू असला तरी या उठबशीने कधीतरी थकतोच. पृष्ठभागाखाली बारीक चीर पडते, ती वर येते, आणि वाटेचा एक कपचा निघतो. याला बेअरिंगचं नैसर्गिक मरण म्हणावं.

त्या मरणाचाही हिशेब आहे. गुस्ताफ लुंडबर्ग आणि आर्विद पामग्रेन या स्वीडिश अभियंत्यांनी तो १९४७ मध्ये मांडला. दहातली नऊ बेअरिंगं जिथवर टिकतील ते आयुष्य धरायचं, आणि छऱ्यांच्या बेअरिंगचं हे आयुष्य भाराच्या घनाच्या उलट्या प्रमाणात घटतं. भार दुप्पट झाला तर आयुष्य निम्मं होत नाही. आठवा हिस्सा उरतो. पहाटेच्या धुक्यातून दोन्ही अंगांना दुधाचे कॅन लटकवून जाणारी मोटारसायकल दिसली की मला हा घन आठवतो. पुढे सिलिंडर आणि मागे तीन माणसं घेऊन गल्लीत वळणारी गाडी दिसली तरी आठवतो. माणसांना पोट आहे, वाहून न्यावं लागतंच. पण तशा गाडीच्या मागच्या चाकाकडे तिच्या मालकाने इतरांच्या दुप्पट वेळा वाकून पाहावं, एवढं मनापासून वाटतं.

तरीही खरी गोष्ट अशी की फारच थोडी बेअरिंगं त्या नैसर्गिक मरणापर्यंत पोचतात. हिशेबाने लाखभर किलोमीटर सहज चालावं असं बेअरिंग पंचवीस-तीस हजारांतच घरघर करू लागतं, कधी त्याच्याही आत, आणि ते उघडून पाहावं तर थकव्याची खूण कुठेच नसते. तिथे गंज असतो. किंवा माती. किंवा हातोडीचे वळ. ते चालून झिजलेलं नसतं, त्याच्यात काहीतरी शिरलेलं असतं.

कोकणात हे शिरणं पावसाच्या रूपाने येतं. जूनचा पहिला आठवडा, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी जांभ्या दगडाच्या भिंती अचानक हिरव्या झालेल्या, रस्त्यावरून तांबडं पाणी कोयत्याच्या पात्याएवढ्या धारांनी आडवं धावत असलेलं, आणि त्यातून मोटारसायकली जात असतात; दोन्ही बाजूंना पाण्याचे पंख उघडत, पोरं आरोळ्या देत. त्या आनंदाला मी कशाला नावं ठेवू? तो पाऊस मीही अंगावर घेतलेला आहे. पण चाकाच्या पोटात त्या वेळी काय घडतं ते एकदा समजलं की पाण्याकडे पाहण्याची नजर बदलते. मैलोगणती धावून, ब्रेक लावून लावून हब तापलेलं असतं. आतली हवा तापून फुगलेली असते. अशात चाक गार पाण्यात बुडतं, ती हवा झटक्यात आकसते आणि हब बाहेरचं पाणी आत ओढतं. रबराची सीलं उडणारं पाणी थोपवायला असतात. ओढून घेतलं जाणारं पाणी ती फार वेळ अडवू शकत नाहीत. एक थेंब आत जातो. ग्रीस आधी दुधाळ होतं, मग पांढुरकं, मग काही आठवड्यांनी तपकिरी. ज्या ओलाव्यावर छर्रा चालत होता त्यातच आता वैरी ओलावा मिसळलेला. गाडी चार दिवस उभी राहिली की छऱ्यांच्या टेकण्याच्या जागी, नेमक्या त्या हर्ट्झच्या टेकणावर, गंजाचा ठिपका धरतो. पुढच्या वेळी चाक फिरतं तेव्हा प्रत्येक छर्रा त्या ठिपक्यावरून जातो, आणि ठिपका सुटून बारीक सांडतो, आणि सांडलेलं पुन्हा दळलं जातं.

समुद्राचं पाणी तर याहून निष्ठुर. ओहोटीच्या ओल्या, घट्ट वाळूवरून लाटेच्या कडेने गाडी पळवायचं सुख काशीदला घ्या की हर्णैला, मीठ ते घरापर्यंत सोबत येतं. वरवर सगळं वाळतं. आत मात्र मीठ हवेतला दमटपणा धरून ठेवतं आणि गंजाला झोप लागू देत नाही.

आमच्या अण्णांकडे राजदूत होती. टाकीवर पुढे मी, मागे आई, आणि चिपळूणहून कऱ्हाडला आजोळी जाताना पोफळी मागे टाकून घाट चढलो की माथ्यावर अण्णा गाडी कडेला घेत. आम्हाला वाटायचं, चहासाठी. चहा व्हायचाच, पण त्याआधी ते गाडीपाशी उकिडवे बसत आणि आधी पुढच्या चाकाच्या हबवर, मग मागच्या, असा उजवा तळहात ठेवत. बोलत काही नसत. धुकं रस्त्यावरून सरकत असायचं, दरीतून ओल्या मातीचा, कुजत्या पानांचा वास वर यायचा, इंजिनाच्या पंख्यांमधून तापलेल्या धातूची टिकटिक ऐकू यायची, आणि अण्णांचा हात हबवर. मला तेव्हा ते गाडीला थोपटतात असंच वाटे. घाट उतरून खाली आल्यावर मात्र ते कधीच हात लावून पाहत नसत, आणि याचं कोडं मला कितीतरी वर्षांनी सुटलं. उतारावर ब्रेक लागतात. ड्रमब्रेकचं हब ब्रेकनेच तापतं, त्या उष्णतेत बेअरिंगची उष्णता ओळखता येत नाही. चढावर ब्रेकला हात लागत नाही. माथ्यावर हब गरम लागलं, एक कोमट आणि दुसरं चटका देणारं, तर ती ऊब दुसऱ्या कोणाची असूच शकत नाही.

ती आतून आलेली असते.

तळहाताला हे सगळं कळतं. तापमानाचा आकडा कळत नाही, पण फरक कळतो, आणि इथे फरकच हवा असतो. डिस्कब्रेकच्या गाड्यांतही तेच. लांबचा सरळ रस्ता ब्रेक न लावता कापून थांबावं आणि दोन्ही हबांना हात लावावा. पॅडची आणि डिस्कची जागा मात्र सांभाळून.

मग हाताची दुसरी भाषा. गाडी डबल स्टँडवर घ्यायची, पुढचं चाक उचललं जावं म्हणून कोणालातरी मागे बसवायचं, आणि टायरला वर नि खाली धरून एक हात ढकलत, एक ओढत हलवायचं. मग डाव्या-उजव्या अंगाने धरून तेच. चांगलं चाक या आर्जवाला उत्तरच देत नाही. बेअरिंग गेलेलं असेल तर मनगटाला एक बारीक ‘टक्’ लागते. मेस्त्री म्हणतात, चाक खेळतंय. पण तेवढ्यावर निकाल देऊ नये, कारण हँडलचा कोन सेट सैल असला तरी अशीच टक् लागते. म्हणून दुसऱ्याने फोर्कचे पाय खालून घट्ट धरावेत. तरीही चाक हललं तर दोष चाकातलाच. मागच्या बाजूला स्विंगआर्मचं बुश हीच फसवणूक करतं, तिथेही आर्म धरूनच पाहावं.

आणि फिरवणं. चाक हाताने फिरवून सोडावं, आणि दुसरा हात फोर्कवर ठेवावा. ब्रेकची घासघास वरवरची, वाऱ्यात विरणारी. बेअरिंगची खरखर धातूतून चालत येते आणि बोटांच्या टोकांना मुंग्या आणते. लांब पेचकसाचं टोक एक्सलच्या टोकावर, स्पोकपासून दूर, आणि मूठ कानामागच्या हाडावर टेकवली की मध्ये हवा उरतच नाही, आवाज थेट हाडातून ऐकू येतो. पहिल्यांदा तसं ऐकलं तेव्हा मी दचकले होते. बाहेर सगळं शांत, गल्लीत दुपारची झोप, आणि हाडात मात्र दूरच्या नदीत वाळू ओढली जात असल्याचा सतत नाद. त्या बेअरिंगला अजून प्ले आला नव्हता, हब तापत नव्हतं, चालवताना काही जाणवत नव्हतं. फक्त ऐकू येत होतं.

डिस्कच्या गाडीला आणखी एक खूण असते, आणि ती बहुतेकांच्या लक्षातून सुटते. चाक डुलतं तेव्हा डिस्कही डुलते आणि पॅडना मागे सारते. मग ब्रेकचा पहिला दाब पोकळ जातो, दुसऱ्या दाबाला ब्रेक धरतो. लोक ब्रेकऑईल बदलतात. सीलच्या कडेने हबवर उतरलेला बारीक तांबूस ओघळ दिसतो आणि लोक तो पुसतात. या खुणांचा अर्थ वेळीच नाही घेतला तर पुढे छऱ्यांना अंतरावर ठेवणारी जाळी तुटते, छर्रे एका बाजूला गोळा होतात, आणि भर रस्त्यात चाक अडकतं. तिथपर्यंत जाऊ देऊ नये. हे मी गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला हात धरून सांगेन.

आमच्या इथे एक मेस्त्री आहेत, वयाने अण्णांहून थोडे लहान. पावसाळ्याआधीची बेअरिंगं ते मे महिन्याच्या ऐन दुपारी बदलतात, आणि त्यामागे हिशेब आहे. चाक अंगणातल्या उन्हात तापत ठेवलेलं असतं, आणि नवं बेअरिंग प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून घरातल्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात, काकूंच्या आमरसाच्या डब्याशेजारी. ॲल्युमिनियम उष्णतेने पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. हब उन्हात केसाच्या जाडीपेक्षाही कमी उमलतं, बेअरिंग थंडीने तितकंच मिटतं, आणि ज्या जागेत एरवी घाव घालावे लागले असते तिथे ते जवळजवळ आपल्या पायांनी उतरतं.

जवळजवळच. शेवटचे चार टोले द्यावे लागतात, आणि त्या टोल्यांत सगळी विद्या आहे. मेस्त्री टोला नेहमी बाहेरच्या कड्यावर देतात, तोही थेट नाही; जुन्या बेअरिंगचं बाहेरचं कडं वरून टेकवतात आणि त्यावर मारतात. घाई असलेला माणूस आतल्या कड्यावर हातोडी मारतो. मग तो घाव छऱ्यांमधून पलीकडच्या कड्याला जातो आणि प्रत्येक छर्रा आपल्या वाटेवर एक खळगा उमटवतो. स्वीडनच्या योहान ऑगस्ट ब्रिनेल यांनी १९०० साली धातूची कठिणता मोजायची जी रीत जगापुढे ठेवली ती हीच: पोलादी गोळी धातूवर दाबायची आणि उमटलेला खळगा मोजायचा. बेअरिंगवाले आजही अशा खळग्यांना त्यांचंच नाव देतात. नव्याकोऱ्या बेअरिंगमध्ये, गाडी इंचभरही चाललेली नसताना, अकाली मरण पेरलं जातं ते असं.

“ताई, ऐका,” मेस्त्री म्हणतात. ठक. ठक. ठक. आवाज बसका, भरीव, हबच्या पोकळीत घुमणारा. ठक. आणि पुढच्या टोल्याला एकाएकी टण्, उंच, कोरडा, खणखणीत. बेअरिंग खांद्याला टेकलेलं असतं. “आवाज बदलला. आता एकही नाही मारायचा.”

मग चाक उलटं करायचं, मधली स्पेसरची नळी सोडायची, आणि दुसरं बेअरिंग त्या नळीला नुसतं टेकेपर्यंतच उतरवायचं. ही नळी विसरली, किंवा कोणी झिजलेली आखूड नळी तशीच घातली, तर एक्सलचा नट आवळताना दोन्ही आतली कडी एकमेकींकडे दाबली जातात, आणि छर्रे आपल्या वाटेच्या मध्यावरून न चालता कडेने चालू लागतात. नट जितका घट्ट तितकं चांगलं, या समजुतीने किती चाकं मारली असतील कोण जाणे. मेस्त्रींकडे टॉर्क पाना आहे. गाडीच्या पुस्तिकेतला आकडा पाहून तो लावतात, टिच झाली की थांबतात. चेन ते गाडीवर माणूस बसवून तपासतात, कारण माणूस बसला की मागचं चाक मागे सरतं आणि रिकाम्या गाडीवर ठीक वाटलेली चेन ताणली जाते. ताणलेली चेन मागच्या बेअरिंगला रात्रंदिवस एका बाजूला ओढत राहते. साइड स्टँडला वेल्डिंग करताना अर्थिंगचा चिमटा चाकाला लावू देत नाहीत; तसा लावला तर वीज छऱ्यांमधून जाते आणि त्यांच्या आरशासारख्या अंगावर ठिणग्यांचे डाग सोडते. आणि दोन्ही बाजूंची बेअरिंगं ते एकदमच बदलतात, सीलंसकट. एक बदलायला सांगणाऱ्या गिऱ्हाइकाशी वाद घालतात. मला त्यांचं पटतं. एकाच पाण्यातून दोघं गेलेली असतात.

अकाली झिजीचा हा सल जुना आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या एका कापडगिरणीत स्वेन विंगक्विस्ट नावाचे तरुण अभियंते याच सलाने बेजार होते. गिरणीखालची जमीन चिकणमातीची. ती हळूहळू सरके, छताखालून धावणारे लांबच लांब शाफ्ट वाकडे होत, आणि बेअरिंगं एकामागून एक जात. जमीन थांबवणं त्यांच्या हाती नव्हतं. त्यांनी वाकडेपणा सोसून घेणारं, आपलं आपण सरळ होणारं बेअरिंग काढलं, आणि १९०७ मध्ये एसकेएफ ही कंपनी उभी राहिली. तिचा कारखाना पुढे आपल्या चिंचवडला आला. पुणे–पिंपरीच्या कितीतरी घरांत पहाटेच्या पाळीची बस याच बेअरिंगांपायी पकडली गेली. मोटारसायकलच्या चाकात ते स्वतः सरळ होणारं बेअरिंग नसतं. तिथे सरळपणा आपल्यालाच राखावा लागतो, स्विंगआर्मवरच्या दोन्ही अंगांच्या खुणा जुळवून.

काही झीज तर न फिरताच होते. १९३० च्या दशकात अमेरिकेत नव्या मोटारी रेल्वेने दूरवर पाठवल्या जात, आणि उतरवून पाहावं तर चाकांची बेअरिंगं आवाज करत. एकही मैल न चाललेली चाकं. प्रवासभर डब्याच्या थरथरीने छर्रे एकाच जागी जागच्या जागी घासत राहिले होते. फिरणं नाही म्हणून तेलाचा पापुद्रा नव्याने येत नव्हता, आणि टेकणाच्या जागी धातू नागडा पडला होता. नोकरी बदलली की पोरं गाडी पार्सलने बंगळुरूला पाठवतात. महिनोन् महिने परदेशी असलेल्या मुलाची गाडी आई आच्छादन घालून जिन्याखाली जपते. अशा गाडीचं चाक आठवड्यातून एकदा हाताने फिरवावं, दुसऱ्या जागी थांबवावं. बस, एवढंच. उभं राहणं हे छऱ्यांना विश्रांतीचं नसतं.

पण माझ्या मते खड्ड्यांनी, ओझ्याने, उभं राहण्यानेही जितकी बेअरिंगं जात नसतील, तितकी आपल्या स्वच्छतेच्या हौसेने जातात. वॉशिंग सेंटरच्या नळीतून सुटणारी धार बारीक आणि जबर असते. पाऊस सीलवर पडतो. ही धार सीलच्या ओठांखाली शिरते. गाडी रस्त्यावरून तापून आलेली, हब आतून फुगलेलं, आणि वर हे गार पाणी. गाडी लखलखीत होऊन घरी येते, आणि मालकाला वाटतं, आपण तिची काळजी घेतली.

परवा घाटातून आल्यावर मीही गेले होते. गाडी गुडघ्यापर्यंत तांबडी. आधी तासभर तिला निवू दिलं, तोवर धुणाऱ्या मुलाशी गप्पा मारल्या. त्याने नळी उचलली आणि पुढच्या चाकाकडे वळवली तेव्हा मी मध्ये हात घातला.

“बाकी सगळीकडे मार रे, पण या मधल्या भागावर नको. मागेही नको. चेनवरही नको.”

“ताई, मग चिखल राहील तिथं.”

“राहू दे. वाळला की झडेल. एक बादली आणि फडकं दे, बाकीचं मी पुसते.”